रायलींच्या भिंतीवरची मेंढपाळीण

थ्रॉल मॅडमनी विचारलं ते भिंतीकडे बघत विचारलं, जेरुशाच्या तोंडाकडे बघून नाही. नाहीतर तिथल्या तिथे सगळं उघडं पडलं असतं.

केझिया रायलीच्या पुढच्या खोलीत, शेकोटीच्या वर, काच लावलेल्या चौकटीत रेशमाने भरलेली मेंढपाळीण टांगलेली होती. निळा घागरा, हातात काठी, डोक्यावर मोठं झाड, पायाशी मेंढ्या आणि लांब मागे धूर सोडणारं पांढरं घर. अख्ख्या वेदर्सफील्ड गावात त्या चित्राचं नाव होतं. थ्रॉल मॅडम एल्मवेलच्या. तिकडे मुलींची नवी शाळा निघाली होती आणि सुई शिकवायला कुणीतरी हवं होतं. इथल्या पाद्रीबाबांनी त्यांना थेट या भिंतीपुढे आणून उभं केलं होतं.

"हे सगळं या मुलीच्याच हातचं ना, बेल्डनबाई?"

"हो," मुलीला सुई शिकवलेली जेरुशा बेल्डन म्हणाली.

केझिया उगाच ॲप्रनला हात पुसत होती. विधवा बाई, एकुलती एक पोर, ऊर भरून येणारच. पोरगी, माइंडवेल, चांगल्या वळणाच्या मुलीने उभं राहावं तशी मान खाली घालून दाराशी उभी होती. नखांत काळी माती. मॅडमचं तिकडे लक्ष गेलं नाही. मोठ्या घरच्या बायका काम बघतात, हात बघत नाहीत. चहा निवायच्या आत ठरूनही गेलं. जून सरला की माइंडवेलने एल्मवेलला जायचं, शाळेतच राहायचं, शाळेतच जेवायचं, आणि तिथे तिला सगळ्यांनी मिस रायली म्हणायचं. मॅडमनी एवढंच मागितलं की येताना हे चित्र बरोबर आणावं, शाळेच्या मोठ्या खोलीत लावू. केझियाने तर त्याच बैठकीत ठरवून टाकलं की पोरीशिवाय कांद्याचा पट्टा आपल्याच्याने एकटीने होणार नाही, पोरगी गेली की तो दिराला कसायला द्यायचा.

जेरुशा घरी आली, डोक्यावरची टोपी काढली आणि टोपी हातात धरूनच खुर्चीत बसून राहिली. चूल पेटवायचंही तिला सुचलं नाही.

कारण त्या चित्रात माइंडवेलचं काही नव्हतं. कोपऱ्यातलं मूठभर गवत सोडलं तर काहीच नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हे माइंडवेललाच माहीत नव्हतं.

जेरुशाचा नवरा कांदे घेऊन वेस्ट इंडीजच्या फेरीवर गेला तो तिकडेच तापाने गेला. तेव्हापासून तिने घराच्या पुढच्या खोलीत मुलींची शाळा मांडली होती. शिकवायची चांगली. ते तिला माहीत होतं आणि दुसऱ्यांनाही माहीत राहील अशी ती काळजी घ्यायची. आधी तागाच्या कापडावर अक्षरं आणि आकडे, मग लोकर, आणि हात बसला की शेवटी रेशमाचं चित्र. दर वर्षी कांदे निघाले की तिच्या खोलीत मुलींची कामं मांडली जायची. पाद्रीबाबा यायचे, आईबाप यायचे, सफरचंदाचं सायडर आणि आल्याचा केक व्हायचा. कुणाची मुलगी कशी निघाली ते गावाला त्या दिवशी कळायचं, आणि शिकवणारी बाई कशी निघाली तेही.

चित्रातला चेहरा आणि हाताची बोटं बाईनेच भरायची, ही सगळीकडचीच रीत. पोरींनी नाक भरलं तर बटाटा होतो, आणि बटाट्याच्या नाकाची मेंढपाळीण कोणती आई भिंतीवर लावेल? त्याला कुणी फसवणूक म्हणत नसे. पण जेरुशाची सुई चेहऱ्यावर थांबली नाही.

माइंडवेल शाळेत आली तेव्हा पंधराची असेल. बाकीच्या व्यापाऱ्यांच्या मुली. ही कांद्याच्या वाफ्यांत गुडघ्यावर वाढलेली. बोटांची कातडी झाडाच्या सालीसारखी. भरायचं रेशीम बिनपिळाचं असतं, ते तसल्या कातडीला अडकतं, पिसकारतं, त्याचा कापूस होतो. शिवाय कांद्याचा वास. व्यापाऱ्यांच्या मुली बाक सरकवून बसायला लागल्या, तेव्हा जेरुशाने त्यांना झाडलं होतं, की तुमचे बाप ज्या चांदीच्या चमच्यांनी जेवतात ते चमचे याच वासाचे आहेत, घरी जाऊन हुंगून बघा. हे ती मनापासून बोलली होती. पोरीवर तिचा जीव होता.

लोकरीवर माइंडवेलचा हात चांगला बसत होता. लोकरीचंच चित्र दिलं असतं तर साधं, नेटकं काम झालं असतं, आणि तिचं तिचं झालं असतं. पण लोकर चमकत नाही. त्यातून त्याच वर्षी बॉस्टनहून आलेल्या दोघी बहिणींनी हार्टफर्डला शाळा काढली, दारावर सोनेरी अक्षरांची पाटी लावली आणि जेरुशाच्या हातातल्या चांगल्या घरच्या मुली तिकडे गेल्या. ते तिला फार लागलं. गावाला दाखवून द्यायचं तिने मनात घेतलं, की पाटी सोनेरी नसली तरी मी कांदे खुरपणाऱ्या हातांतून रेशीम काढून दाखवते.

मग एका दुपारी मुली घरी गेल्यावर तिने माइंडवेलने भरलेली एक मेंढी उसवली आणि स्वतः भरली. नंतर दुसरी. मग घागऱ्याची एक निरी तेवढी, मग सगळा घागरा. एकटी असली की तिची सुई आपोआप डाव्या हातात जायची. लहानपणी तिच्या आईने तिचा डावा हात ॲप्रनच्या नाडीला बांधून उजव्याने शिवायला लावलं होतं, म्हणून चारचौघांत ती उजव्याने करायची आणि उजव्यानेच शिकवायची. खरी मात्र ती डाव्याचीच. डाव्या हाताने ती अशी भरायची की बघत राहावं. कांदे काढणीला येईपर्यंत माइंडवेलचं म्हणून त्या कापडावर कोपऱ्यातलं गवत तेवढं उरलं.

पोरगी सकाळी यायची, चौकटीवर वाकायची आणि तिला नवल वाटायचं. काल जाताना तर सगळं पिसकारलेलं दिसत होतं, असं ती म्हणायची. त्यावर जेरुशा मागे न वळता म्हणाली होती, "रेशीम रात्रीतून बसतं. दिवसा धीर सोडायचा नाही."

पोरीने ते खरं मानलं. का नाही मानणार? बाई म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी कामं मांडली त्या दिवशी पाद्रीबाबा सगळ्यांसमोर म्हणाले की हार्टफर्डकरांनी आपली सोनेरी पाटी खुशाल मिरवावी. लोक हसले. जेरुशाने मान खाली घातली, बाईमाणसाला शोभेल अशी. त्या रात्री तिला झोपही छान लागली. बाकी सगळं एक वेळ समजून घेता येईल, पण ही झोप नाही.

नंतर माइंडवेल शाळा सोडून परत वाफ्यांत गेली. रेशमाला तिने पुन्हा हात लावला नाही. चित्र भिंतीवर टांगलं गेलं. भिंतीवरच्या चित्राने कुणाचं काय वाकडं होणार, असं जेरुशाला वाटलं होतं.

मॅडम येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माइंडवेल धावतच बाईंकडे आली. खुर्ची असून जमिनीवरच बसली, आणि आपण कशी शाळा चालवू ते सांगत सुटली. कुणाला वासावरून बोलू देणार नाही. कुणाला छडी लावणार नाही.

"आणि एखादीचं रेशीम पिसकारलं ना बाई, तर मी ओरडायची नाही. म्हणेन, राहू दे. रेशीम रात्रीतून बसतं. उद्या सकाळी बघ."

जेरुशा भट्टीतला पाव बघायला म्हणून उठून आत गेली. भट्टीत पाव नव्हता. तिथे ती बराच वेळ उभी राहिली.

आत्ताच बाहेर जाऊन सांगून टाकावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. पण सांगितलं तर उद्यापासून मुली कोण पाठवणार आणि मी खाणार काय, असं ती स्वतःला म्हणाली. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं हे, की पाद्रीबाबांची बहीण हे ऐकून कशी हसेल ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि ते हसू तिला गिळवत नव्हतं. न सांगावं तर एल्मवेलला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी पोरीच्या हातात सुई देणार. ती भरणार, पिसकारणार, सकाळी बघू म्हणणार, आणि सकाळी तो कापूस तसाच असणार. मग लबाड म्हणून तिला परत धाडतील. घरी येईल तर शेत काकाकडे गेलेलं.

शेवटी जेरुशाने तिसरीच वाट धरली. तेव्हा शिकवलं नाही ते आता शिकवायचं. बाहेर येऊन ती माइंडवेलला म्हणाली की शिकणारीचा हात वेगळा आणि शिकवणारीचा वेगळा, तेव्हा जायच्या दिवसापर्यंत रोज दुपारी यायचं. मेंढीच्या चरबीत बुडवलेले हातमोजे घालून झोपायचं. हात कोंड्याने धुवायचे. आणि मातीला बोट लावायचं नाही.

ऐन खुरपणीचे दिवस. केझिया तणतणत आली.

"बेल्डनबाई, पोरीला माती नको म्हणालात म्हणे. मग माझे कांदे काय थ्रॉल मॅडम खुरपणार?"

"मी खुरपीन."

केझिया हसली. मग तिला दिसलं की बाई हसत नाहीत.

"तुमचे गुडघे तरी वाकतात का?"

"वाकतील."

तर दुसऱ्या दिवशी उजाडताच, शाळेची वेळ व्हायच्या आधी, जेरुशा बेल्डन रायलींच्या पट्ट्यात गुडघ्यावर होती. ज्या बाईने गावातल्या निम्म्या मुलींना चिखलात बसू नये म्हणून सांगितलं, ती. गावाला करमणूक झाली. कुणी म्हणालं, रायलींचं देणं थकलं असेल, फेडते आहे. कुणी म्हणालं, तसं नाही, पलीकडच्या पट्ट्यातल्या विधुरावर तिचा डोळा आहे. त्या विधुराला एकच डोळा होता, त्यामुळे या गोष्टीला आणखी रंग चढला. पाद्रीबाबांची बहीण कुंपणाशी थांबून गोड आवाजात विचारून गेली, की बाई, हासुद्धा हल्ली शाळेतला विषय आहे का?

जेरुशा खुरपत राहिली. कांद्याचं रोप या दिवसांत दोऱ्याएवढं असतं आणि गवतही तेवढंच. दोन्हींतून नेमकं नको ते उपटायचं. पाठ भरून यायची, कमरेत चमक निघायची, आणि तिला वाटायचं, अजून दुखू दे. पण केझिया ते धड दुखू देईना. शेजारच्या ओळीत ती सारखी गोडवे गात असायची, की कोण करतं हो परक्याच्या लेकीसाठी एवढं, मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या बाई म्हणजे देवाने पाठवलेल्या. न्याहारीला थंड घेवडा आणि मक्याची भाकरी असायची. त्यातला मोठा तुकडा केझिया बाईंना द्यायची, नको म्हटलं तरी. जेरुशा तो चावत बसायची. घास तोंडात फिरायचा.

दुपारी माइंडवेल यायची. सुरुवातीला रेशीम अडकतच होतं. मग जरा कमी. मग एक दिवस सुई खाली गेली, वर आली आणि रेशीम पाण्यासारखं मागून आलं. लांब-आखूड टाके एकात एक मुरायला लागले. निळ्यातून फिका निळा कुठे धरायचा ते पोरगी न सांगता धरायला लागली.

आपण वाचलो असं जेरुशाला तेव्हा वाटायला हवं होतं. तिला उलटच झालं. पोरीचा हात चांगला होता. दोऱ्याएवढ्या कांद्यातून गवत ओळखणारी नजर ती, तिच्यापुढे रेशमाच्या छटा म्हणजे काय? त्या हातात काही कमी नव्हतंच. चरबी लावायची होती आणि थांबायचं होतं. तेव्हा जेरुशा थांबली असती तर पोरीने स्वतःची मेंढपाळीण भरली असती. इतकी झगमगीत नसती भरली कदाचित, पण काच लावून टांगायला पुरेशी. ते जेरुशाने तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि वर तिलाच बक्षीस दिल्यासारखं दाखवलं होतं.

माइंडवेल मात्र खट्टू व्हायची. मी विसरलेच बहुतेक, असं म्हणायची. तेव्हा माझं यापेक्षा छान यायचं, नाही का हो बाई?

"हं," जेरुशा म्हणायची, आणि खिडकीचा पडदा सारखा करायची.

जून संपत आला होता त्या दिवसांतली गोष्ट. झाडाच्या फांद्यांचा देठटाका चालला होता. हा टाका दोरीच्या पिळासारखा दिसतो, एकापुढे एक तिरपा. एका वळणाशी माइंडवेल अडली म्हणून जेरुशाने सुई हातात घेतली. पण खुरपून खुरपून तिच्याच उजव्या हाताची बोटं भेगाळली होती. रेशीम अडकलं. तिने ते सोडवलं, पुन्हा घातलं, पुन्हा अडकलं. तिचं डोकं दुसरीकडेच होतं, अजून तीन आठवडे मिळाले असते तर, असलं काहीतरी. केव्हा सुई डाव्या हातात गेली ते तिला कळलंही नाही. बघता बघता बोटभर फांदी भरून झाली. रेशीम कसं लखलखत होतं. मग तिच्या लक्षात आलं की पोरगी रेशमाकडे बघत नाहीये, हाताकडे बघते आहे.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"लहानपणी होते."

माइंडवेल चौकटीवर वाकली. तिच्या फांदीचा पीळ एका बाजूला झुकला होता. त्यालाच लागून पुढे बाईंची फांदी, तिचा पीळ दुसऱ्या बाजूला. तिने दोन्हींवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाली की आज लवकर जाते, आई वाट बघत असेल. आई शेतात होती आणि अंधार पडेपर्यंत येणार नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. जेरुशाने तिला थांबवलं नाही.

ती रात्र जेरुशाने कशी काढली ते सांगण्यात काही अर्थ नाही. रायलींच्या घरी शेकोटीवरची काच उतरवून चित्रातल्या टाक्यांचा पीळ तपासला जात असेल, एवढं तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माइंडवेल आली. बसली नाही.

"गवत माझं आहे?"

"कोपऱ्यातलं. डाव्या."

"घरातून निघणारा धूर?"

जेरुशाने नाही अशी मान हलवली.

"मेंढ्या? एखादी तरी?"

"नाही ग."

माइंडवेलने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "त्यातली थोरली मेंढी आईला फार आवडते. म्हणते, माझ्या लेकीने तिला हसरी केली. सकाळी उठली की आधी तिच्याकडे बघते, मग चूल पेटवते."

जेरुशाने रात्रभर जुळवून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. उद्या सकाळीच पाद्रीबाबांकडे जाते. थ्रॉल मॅडमकडे गाडी करून स्वतः जाते. सगळं माझं पाप, पोरीला काही माहीत नव्हतं, असं सगळ्यांसमोर सांगते. शाळा बंद पडली तर पडू दे. बोलता बोलता तिला कसं सैल वाटायला लागलं, दिवसभर आवळलेल्या नाड्या सोडाव्यात तसं. डोळेही भरून आले.

माइंडवेल ते बघत होती.

"नाही सांगायचं," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"तुम्ही सांगाल. रडाल. पाद्रीबाबा तुमच्यासाठी प्रार्थना करतील, लोक म्हणतील, केवढं धैर्य बाईंचं. तुम्ही मोकळ्या. आणि मी? मी जन्मभर ती, जिचं बाईंनी भरून दिलं होतं. पुढे मी काहीही भरलं तरी लोक विचारणार, हे तरी तुझं का? आणि आईने रोज त्या खोलीत बसायचं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं मन हलकं करायला माझं नाव खर्ची घालू नका, बाई. एकदा घातलंत तेवढं पुरे."

जेरुशाने डोळे पुसले. तिने एवढंच विचारलं, की मग तिथे जाऊन करशील काय?

"आत्ता आलेत ते टाके माझे आहेत ना?"

"तुझेच आहेत."

"मग ते शिकवीन. चित्र मॅडमना शाळेत लावायचं आहे. लावू देत."

"त्याच्याखाली बसून शिकवशील?"

"त्याच्याच नावावर तुम्ही नाही शिकवलंत?"

एवढं बोलून ती खुर्ची ओढून चौकटीपाशी बसली, आणि मेंढीची लोकर दाखवणाऱ्या रेशमाच्या गाठी अजून नीट येत नाहीत, त्या दाखवा म्हणाली. जेरुशाने दाखवल्या. उजव्या हाताने, रेशीम अडकत असताना, सावकाश. पोरीने चिडावं, दोन शब्द आणखी बोलावे असं तिला फार वाटत होतं. माइंडवेल चिडली नाही. बाई, हे असं का, बाई, दोरा किती घ्यायचा, असं विचारत राहिली. फक्त आता ती जमिनीवर बसत नव्हती.

जायच्या दिवशी प्रार्थनाघरासमोर गाडी उभी राहिली आणि निम्मं गाव जमलं. कांदे खुरपणारीची लेक मिस रायली होऊन चालली होती, घरी कोण थांबणार? केझिया एका डोळ्याने रडत होती आणि दुसऱ्याने कोण कोण आलंय ते बघत होती. चित्र गोधडीत गुंडाळून माइंडवेलच्या पायाशी ठेवलं होतं. केझियाने एक अख्खं चीज फडक्यात बांधून आणलं होतं, घरात होतं ते सगळ्यात मोठं. ते तिने सगळ्यांसमोर जेरुशाच्या हातात दिलं आणि म्हणाली, बाई, दोन शब्द बोला, कसं घडवलंत माझ्या पोरीला ते या लोकांना कळू दे.

सगळे जेरुशाकडे बघायला लागले. गाडीवरून माइंडवेलही बघत होती. जेरुशाला माइंडवेलचं म्हणणं मोडायचं नव्हतं, आणि आणखी खोटं बोलायचं नव्हतं.

"मी काही घडवलं नाही," ती म्हणाली. "तिला आज जे येतं ते तिचं तिने मिळवलंय. मी मध्ये आले नसते तर लवकर आलं असतं."

मग पाद्रीबाबांच्या बहिणीनेच डोळ्यांना रुमाल लावला, आणि आजूबाजूच्या बायकांना म्हणाली की बघा, याला म्हणतात नम्रपणा, आणि मी वेडी हिला कुंपणापाशी टोमणे मारून आले. केझियाने पुढे होऊन जेरुशाचे दोन्ही हात धरले, ते भेगाळलेले हात, आणि त्यांचं चुंबन घेतलं. कुणीतरी मागून म्हणालं, माझी धाकटी पुढच्या महिन्यात तुमच्याकडेच घालते बाई, हार्टफर्ड राहू दे.

माइंडवेलने तोंड फिरवलं आणि गाडीवानाला चला म्हणाली.

चीज जेरुशाने फळीवर ठेवलं. कापवेना, कुणाला देववेना. केझिया भेटली की विचारायची, कसं होतं हो बाई? आणि जेरुशाला छान म्हणावं लागायचं. त्यावर बुरशी धरायला लागली तेव्हा एक दिवस तिने ती खरवडून काढली, चीज कापलं आणि दुपारच्या सुट्टीत मुलींना पावाबरोबर वाटून टाकलं. त्यातल्या एकीने आपल्यातला तुकडा मोडून बाईंपुढे धरला. लहान होती, तिला घरून तसं शिकवलेलं असेल.

जेरुशाने तो घेतला. पोरगी समोरून हलेना, खाल्ल्याशिवाय जाणार नव्हती. मग जेरुशाने तो तोंडात घातला आणि तिच्यासमोर नीट चावून खाल्ला.